पावसाळी घराची आरास

लोणावळ्यात घर सजवायचं तर पहिली परवानगी बुरशीची घ्यावी लागते. जूनच्या मध्याला ती घरात ठाण मांडते आणि नवरात्रापर्यंत हलत नाही. चपला, कातडी पट्टे, लग्नाचा अल्बम, भिंतीवरच्या तसबिरींची पाठ, सगळीकडे तिचं राज्य. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटीतली काडी नुसतीच चुरचुरते. वर्षाला 4,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो अशा गावात मासिकांतल्या सजावटीच्या युक्त्या आषाढात वाहून जातात. मुंबईचे पाहुणे मोठ्या प्रेमाने सुकवलेल्या फुलांचा गुच्छ आणतात. नागपंचमीपर्यंत त्या गुच्छाला मिशा फुटतात.

तेव्हा इथे पावसात सुकं काही टांगायचं नाही, जे वाढतं आहे तेच घरात आणायचं. सुक्याची पाळी दिवाळीनंतर. एवढं मनाशी पक्कं केलं की खर्चाचा प्रश्न बराचसा मिटतो, कारण पावसाळ्यात मावळात फुकट उगवत नाही असं काय आहे?

माझी सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे जुनं मंगलोरी कौल. नाणे मावळ घ्या, पवन मावळ घ्या, घरोघरची कौलं उतरली आणि वर पत्रे नाहीतर स्लॅब आले. उतरलेली कौलं टाकून देववत नाहीत, म्हणून गोठ्यामागे रचलेली असतात. मागितलीत तर कोणी नाही म्हणत नाही. ‘न्या की चार, जागा तरी मोकळी होईल,’ असंच ऐकायला मिळतं. असं एक कौल पाऊस लागला की अंगणात पालथं टाकायचं आणि विसरून जायचं. आधी त्यावर नुसता हिरवा डाग दिसतो. मग लव येते. श्रावणाच्या सुमाराला त्या लवेतून केसासारख्या बारीक तांबूस दांड्या वर निघतात आणि प्रत्येकीच्या टोकाला मोहरीहून लहान बोंडी असते. भिंग लावून पाहिलं तर बोंडीला टोपीसुद्धा दिसते, आणि ती एक दिवस गळून पडते. हे कौल पितळी ताटलीत ठेवून खिडकीशी आणावं. ऊन नको, खत नको. पंख्याखाली मात्र दोन दिवसांत मलूल होतं. मग पुन्हा अंगणात ठेवावं आणि दुसरं आत आणावं. गडग्याच्या फटीतला एखादा नेचा मातीसकट काढून त्याच्या शेजारी ठेवला की टेबल भरलं. तेवढ्यावर थांबावं. हौसेने चार कौलं मांडली की घराची रोपवाटिका होते.

भाद्रपद आला की बाजारपेठेत तेरड्याच्या जुड्या येतात. आसपासच्या गावांतल्या बायका पहाटे बांधांवरून उपटून आणतात आणि रस्त्याच्या कडेला गोणपाटावर मांडतात. गुलाबी, जांभळट, पांढरा. ओल्या मुळांना लाल चिखल तसाच. पिशवीभर माती सांडते म्हणून मी एकीला विचारलं होतं, मावशी, मुळं छाटून का देत नाही? तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ‘अवो ताई, मुळाबिगर गौर व्हती का? तिला चालत यायचंय तुमच्या घरी.’ मुळं म्हणजे गौरीची पावलं. ती धुवायची, छाटायची नाहीत.

तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण तेरड्याला जरा अन्यायच करते. फुलं गळतात हे खरं. पण गळल्यावर उरलेली जुडी फेकू नका. पाण्याने भरलेली, जवळजवळ पारदर्शक अशी ती खोडं उजेडासमोर धरली तर आतल्या शिरा दिसतात. काचेच्या बरणीत मुळांसकट ती आणखी बरेच दिवस टवटवीत राहतात. शिवाय शेंगा. पिकलेल्या शेंगेला बोट लागायचा अवकाश, ती फटकन उलगडते, तिच्या पाकळ्या आत वळतात आणि बिया टेबलभर उडतात. लहान मुलं घरात असली तर आरतीपेक्षा हा कार्यक्रम जास्त वेळ चालतो.

गणपतीच्या मखराचं म्हणाल तर 2018च्या प्लॅस्टिकबंदीत थर्माकोलही गेलं आणि एका परीने आपली सुटका झाली. थर्माकोलचे महाल करणाऱ्यांचे हात कुशल होते, पण विसर्जनानंतर तोच महाल इंद्रायणीच्या काठाला तुकड्या-तुकड्यांनी लागायचा. सिंधुदुर्गात गणपतीच्या डोक्यावर माटी बांधतात, गोव्यात तिला माटोळी म्हणतात. लाकडी चौकटीला रानातली फळं-फुलं टांगायची: कवंडळं, कांगण्या, कळलावी, सुपारीचे घड, नारळाची पेंड. ते पाहिलं की कळतं, ही सजावट असते तशीच त्या महिन्याच्या रानाची हजेरीही असते. मावळात चौकट बांधायची ही रीत माझ्या पाहण्यात नाही, पण उसनी घ्यायला काय हरकत आहे? चार बांबूच्या काठ्या, सुतळी, आणि परसातलं जे काही असेल ते. दोडका, पडवळ, काकडी, भोपळ्याची फुलं. पाचव्या दिवशी निम्मी सजावट भाजीत जाते.

फक्त ‘रानातलं’ म्हणताना हात जरा आवरावा. राखीव जंगलातून वाटेल ते उचलून आणायला कायद्याची मोकळीक नाही, आणि झाडावरची आमरी सोलून घरात टांगणं हा तर शुद्ध दरोडा. ती घरात जगतही नाही. गावाच्या देवराईतली वाळकी काटकीसुद्धा न उचलायची रीत जुन्या लोकांनी पाळली, ती पाळावी. रस्त्याची कड, ओळखीच्या शेताचा बांध आणि स्वतःचं परसू यांत पुष्कळ मिळतं. दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्या ओरबाडून विकतात, त्या घेणाऱ्यांना मी काय बोलणार. त्यांना झाडही कळत नाही आणि सोनंही.

दसऱ्याच्या तोरणात झेंडू आणि आंब्याच्या पानांच्या मध्ये भाताची लोंबी असते, ती मला झेंडूपेक्षा महत्त्वाची वाटते. मावळ हा भाताचा मुलूख. इथला इंद्रायणी तांदूळ याच तालुक्यातल्या वडगावच्या संशोधन केंद्रात तयार झाला. आंबेमोहोर आणि आय.आर. 8 यांच्या संकरातून, 1987 साली. आज पुण्यामुंबईच्या दुकानांत तो नावाने मागतात, पण लोंबीवरचा इंद्रायणी पाहिलेले थोडेच. सजावटीसाठी लोंब्या कापायच्या त्या पुऱ्या पिकायच्या आधी, हिरव्यावर पिवळा रंग चढत असताना. पुऱ्या पिकल्या तर घरी आणेपर्यंत दाणा झडतो, कोवळ्या असल्या तर नुसता पोल उरतो. वीतभर दांडा ठेवून मूठभर लोंब्यांची जुडी सुतळीने घट्ट बांधायची आणि सावलीत, वाऱ्याला, उलटी टांगायची. उन्हात वाळवली तर रंग उडतो. सावलीत तोच रंग सोनेरीकडे झुकतो आणि दाण्यांच्या वजनाने प्रत्येक लोंबी आपापला बाक धरते. शेतकऱ्याला विचारून कापावी हे सांगायला नको. मूठभर लोंब्यांचे पैसे कोणी घेत नाही, म्हणून घरची चकली-करंजी द्यावी.

अशी जुडी ओसरीच्या वाशाला टांगली की चिमण्या येतात. काही घरांत ती मुळी चिमण्यांसाठीच टांगलेली असते. चोचीने तूस सोलून दाणा खातात, खाली फरशीवर तुसांचा सडा. महिन्याभरात लोंबीचा नुसता झाडू उरतो. माझ्या एका मैत्रिणीने यावर उपाय म्हणून जुडीला पारदर्शक वार्निश मारलं. जुडी टिकली, चिमण्या गेल्या. मला ते पाहवेना.

नोव्हेंबरपासून सुकं. इथे मावळ खुल्या हाताने देतं. काटेसावरीचं बोंड कापूस उडून गेल्यावर पाच फाळ्यांत उघडं राहतं. लाकडाचं फूल म्हणून ते थेट वाटीत ठेवावं. शिरीषाच्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळतात, त्यांची जुडी दारामागे लावली की कोणी आलं-गेलं कळतं. गुंजा सुंदर, पण विषारी. लहान मूल असलेल्या घरात नकोच. आणि टेटू. तलवारीएवढी लांब, चपटी, काळपट शेंग, झाडावर लोंबताना जराही देखणी नाही. ती वाळून फाटली की आत बियांची थप्पी असते. मधोमध चपटी बी आणि तिच्या भोवती पंख. पंख इतका पातळ की खाली ठेवलेल्या वर्तमानपत्रातलं मथळ्याचं अक्षर वाचता यावं. अशा बिया बारीक दोऱ्यात अंतराअंतराने गुंफून खिडकीत सोडल्या की पंखा बंद असतानाही त्या स्थिर राहत नाहीत. खोलीत हवा कुठून कुठे जाते ते त्यांच्यावरून कळतं. सुईने पंख फाटतो, म्हणून दोरा पंखात न ओवता थेंबभर डिंकाने बीवर चिकटवावा.

पिंपळाच्या पानाची जाळी आपण सगळ्यांनीच शाळेत वहीत ठेवली आहे. पान पाण्यात दोन-तीन आठवडे कुजवायचं, मधूनमधून पाणी बदलायचं, आणि गर सुटला की जुन्या टूथब्रशने अलगद घासायचं. वास येतो, तेव्हा हे काम मोरीबाहेर. तो आकार मोठा करून पाहायचा असेल तर कार्ल्याला जावं. एकवीरेच्या देवळाशेजारी, चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर पिंपळपानाच्या आकाराचं प्रचंड गवाक्ष कातळात कोरलं आहे आणि दुपारनंतर त्यातून उजेड थेट आतल्या स्तूपापर्यंत जातो. माझी नजर मात्र छताकडे जाते. तिथे अर्धगोल लाकडी फासळ्या आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. त्या काही पेलत नाहीत. डोंगर पोखरून केलेल्या खोलीला तुळई कशाला हवी? लाकडी घरांना सरावलेल्या डोळ्यांना वर फासळ्या दिसल्या पाहिजेत, म्हणून बसवल्या. म्हणजे ती निव्वळ सजावट आहे, आणि मावळच्या पावसाला पुरून उरली आहे. दरवाजाचं काम केलेल्या सामी नावाच्या सुताराचं नाव तिथल्या लेखात आहे, वेणुवासाचा मुलगा, धेनुकाकटाचा राहणारा. खांब दिलेल्या दात्यांच्या रांगेत कारागिराचंही नाव कोरायचं हे ज्याला सुचलं, त्याला माझा नमस्कार.

तळेगावलाही असंच एक जुनं काम आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला आणि त्यातून 1908 साली तिथे काच कारखाना निघाला. आत्याकडे कंदिलाची एक जाड, हिरवट झाक असलेली चिमणी आहे. तिची काच तळेगावची की आणखी कुठली, छाप नसल्याने सांगता येत नाही. आत्या म्हणते तळेगावची, आणि तिच्याशी वाद कोण घालणार. बशीत उभी केलेली ती चिमणी, आत गवताचे चार तुरे; बास. फेब्रुवारीत मात्र त्यात गुलाब असतो. पवन मावळातल्या पॉलिहाउसांतले गुलाब व्हॅलेंटाइन डेसाठी थेट युरोपपर्यंत जातात. दांडा किती लांब यावर प्रत ठरते. आखूड दांड्याचे आणि उमलून गेलेले इथेच राहतात आणि 14 तारखेनंतर स्वस्तात मिळतात. घंगाळात पाणी घालून तरंगवायला दांडा लागतो कशाला?

पैसे मी एकाच ठिकाणी मोजते, बुरुडाकडे, आणि तिथे घासाघीस करत नाही. कामट्या तासताना त्याची बोटं पाहिली आहेत. रोवळी घेऊन यायची, तांदूळ धुवायची साधी, विणीला बारीक फटी असलेली. ती उलटी करून मधोमध होल्डर बसवायचा आणि कमी वॉटचा एलईडी दिवा लावायचा. जुना पिवळा दिवा नको, बांबू तापतो. संध्याकाळी दिवा लावला की चारी भिंतींवर विणीची सावली पडते, कोपऱ्यात वळते, छतावर मोठी होते. रंगवलेल्या भिंतीला जे जमत नाही ते ही रोवळी करते. वर्षातून चार वेळा उघडणाऱ्या शेजारच्या बंगल्यात बाल्कनीच्या भिंतीवर चिनी प्लॅस्टिकचं हिरवं गवत चिकटवलेलं आहे, आणि हातभर अंतरावर खरं गवत कठड्यावरून आत डोकावतं. हौसेला मोल नसतं म्हणतात, इथे तर चांगलंच होतं; मी बिल पाहिलं आहे.

मे संपत आला, राजमाचीकडे काजवे पाहायला जाणाऱ्यांची गर्दी सुरू झाली, की आवराआवर. टेटूची माळ उतरवून बिया बांधाशी टाकते, काही रुजतात. बोंडं आणि शेंगा बंबात. पिंपळाची जाळी वहीत, वहीत नेफ्थलीनची गोळी. कौलं पुन्हा अंगणात पालथी. आणि रोवळी होल्डर काढून, घासून, स्वयंपाकघरात. पावसाळ्यात घरी पाहुणे फार येतात आणि भात जास्त लागतो.