शेवटचे वर्ष

बंगळुरातील सेंट मार्क्स रस्त्यावरची बिशप कॉटन मुलींची शाळा 1865 सालची. घरून येणाऱ्या आणि वसतिगृहात राहणाऱ्या, अशा दोन जाती तेथे नांदत. नववीपर्यंत मी पहिल्या जातीची. 2005 साली वडिलांची नागपूरला बदली झाली आणि दहावीच्या वर्षासाठी माझी ट्रंक वसतिगृहात गेली. (केंद्र सरकारच्या नोकराचे बिऱ्हाड पाठीवरच असते, आज त्या वारशाची मीही मानकरी आहे.)

शाळा सुटल्याची घंटा तीच. पण पूर्वी ती ऐकताच पाय फाटकाकडे धावत, आता धावणाऱ्यांच्या पाठी पाहत उभे राहावे लागे. मराठी रविवारच्या दूरध्वनीपुरती उरली. ती गंजू नये म्हणून रात्री मी आजीने शिकवलेले पाढे पुटपुटत असे. शेजारच्या खाटेवरची कुर्गी मुलगी प्रथम हसली, मग ऐकू लागली आणि परीक्षेच्या सुमारास 'सात सक बेचाळीस' मोठ्या ठसक्यात म्हणू लागली.

निरोपाच्या दिवशी साऱ्याजणी एकमेकींच्या वह्यांत सुविचार लिहीत होत्या. तिने माझ्या वहीत साताचा पाढा लिहिला. मराठीत, पण कानडी लिपीत, आणि एकही चूक न करता.