पहिल्या पगाराचा तवा

स्टँडअप कॉल चालू असताना आईचा फोटो आला. तवा. मधोमध तळहाताएवढं राखाडी टक्कल, कडेपर्यंत उलथन्याचे ओरखडे. खाली व्हॉइस मेसेज : "याचं काळं निघून राह्यलं रे. परवा भाकरीले लागून आलं. पोटात गेलं तं काही होते का?"

तवा मीच आणला होता. २०१९ च्या दिवाळीत, पहिल्या पगारातून. खोक्यावर हिरवं पान आणि 'पीएफओए फ्री' असं लिहिलेलं. पीएफओए म्हणजे काय हे बघायची गरज तेव्हा वाटली नव्हती. फ्री आहे म्हणजे चांगलंच असणार. सोबत लाकडी उलथनंही होतं. ते आईने कधी वापरलंच नाही.

"काही होत नाही" असं टाइप केलं, पण पाठवलं नाही. कारण आमचं घर खामगावचं. शेजारच्या शेगाव तालुक्यात २०२५ च्या जानेवारीत काय झालं ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. बोंडगाव, कालवड अशा गावांत लोकांचे केस मुठी-मुठीने हातात यायला लागले आणि काही दिवसांत टक्कल. आधी पाण्यावर संशय आला, मग शाम्पूवर. आयसीएमआरचं पथक आलं. आईने महिनाभर पाणी उकळून प्यायलं, शाम्पूच्या पुड्या उकिरड्यावर टाकल्या. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामामुळे आपल्याला माहीत असलेले, यांनी तपासण्या करून सांगितलं की रेशनच्या गव्हात सेलेनियम जास्त आहे. आई म्हणाली, "पाणी उकळून उकळून पेलो आपण, अन् भानगड गव्हात!"

म्हणून या वेळी मी नीट वाचायला बसलो. दोन रात्री गेल्या.

तव्यावरचा लेप म्हणजे पीटीएफई, ज्याला आपण टेफ्लॉन म्हणतो. १९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना ते अपघातानेच सापडलं. त्याचा गुण हाच की ते सहसा कशाशीच रिअ‍ॅक्ट होत नाही, पोटातल्या आम्लाशीही नाही. कपची गिळली तर जशी गेली तशी बाहेर पडते. पीएफओए ही वेगळी वस्तू. लेप बनवण्याच्या प्रक्रियेत ते वापरलं जायचं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. पण तयार तव्यात ते अगदी नगण्य उरतं. ते मुरतं कारखान्यांच्या आसपासच्या पाण्यात. इटलीत विचेन्झाजवळच्या एका कारखान्याने लाखो लोकांचं भूजल असल्या रसायनांनी नासवलं. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. त्या बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रं लिलावात विकली गेली आणि आली कुठे, तर रत्नागिरीतल्या लोटे-परशुरामला. रात्री दीड वाजता हे वाचून मी लॅपटॉप मिटला. तव्याचा प्रश्न जागच्या जागीच होता.

ओरखड्यांवर माझं उत्तर ठरत आलं होतं : कपच्यांनी काही होणार नाही, चिंच-ताक असलं आंबट मात्र त्यात करू नकोस, कारण खाली ॲल्युमिनियम उघडं पडलंय. पण आयसीएमआरच्याच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या आहार-सूचना वाचताना अडखळलो. त्यांत नॉन-स्टिक भांडं १७० अंशांच्या वर तापवू नये, रिकामं गॅसवर ठेवू नये, लेप झिजला की वापरणं थांबवावं, असं आहे. इतरत्र २६० अंशांचा आकडा दिसतो, त्यापुढे लेप विघटित व्हायला लागतो. फार तापला तर त्या धुराने माणसाला फ्लूसारखा ताप येतो आणि घरात पाळलेले पक्षी मरतात.

रिकामा तवा. आई त्याच्यावर भाकरी करत होती!

भाकरीचा तवा कोरडाच तापवतात. पाण्याचे शिंतोडे मारायचे, ते नाचले की भाकरी टाकायची. आमच्या कामात हे नेहमीचं आहे, बग दिसतो एका फाइलमध्ये आणि असतो दुसऱ्याच. मी आठवडाभर कपच्या मोजत बसलो होतो.

होळीला घरी गेलो तेव्हा नऊशे रुपयांचं इन्फ्रारेड थर्मामीटर नेलं. आईने मोठ्या बर्नरवर तवा ठेवला आणि परातीत पीठ मळायला बसली. खिडकी बंद, कारण वाऱ्याने गॅस फडफडतो. शिंतोडे मारायच्या आधीच आकडा २१० वर होता. दुसरी भाकरी थापताना शेजारच्या काकू दारात आल्या, दोन मिनिटं बोलणं झालं, आणि रिकाम्या तव्यावर २६८. किंचित वास येत होता. आई म्हणाली, तो तं रोजच येते.

"लोखंडी तवा कुठंय?"

"माळ्यावर."

"मग यावर काहून करते? भाकरी फुगते तरी का नीट?"

"नाई फुगत." ती भाकरी उलटत म्हणाली. "पण तुह्या पह्यल्या पगाराचा हाय ना."

सहा वर्षं. मला वाटत होतं, आईला हा तवा आवडतो. फोनवर मी दर दोन-तीन महिन्यांनी विचारायचोसुद्धा, तवा चांगला आहे ना? ती हो म्हणायची.

माळ्यावरून लोखंडी तवा काढला. गंजला होता. विटेच्या तुकड्याने घासला, तेल लावून तापवला, पुसला, परत तेल. माझे दोन्ही हात काळे. पहिली भाकरी चिकटली, दुसरी फाटली. तिसरी फुगली तेव्हा आई काहीच बोलली नाही, फक्त ती माझ्या ताटात टाकली.

नॉन-स्टिक तवा मी भंगारात द्यायला बाहेर ठेवला होता. परवा व्हिडिओ कॉलवर तो दिसला. गच्चीच्या कठड्यावर, पाणी भरलेला. ऊन वाढलंय, चिमण्यांसाठी, म्हणाली. माझ्या तोंडून "अगं, पक्ष्यांना त्यात" इतकं निघालं आणि मी थांबलो.

"काय?"

"काही नाही," म्हटलं. "पाणी सावलीत ठेव."