सूर्याकडे पाहताना डोळा दुखत नाही, धोका तोच आहे!

माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर सूर्याच्या कडेचा एक लालभडक फोटो आहे. अंबरनाथ, उल्हासनगरहून येणारे पेशंट नंबर काढून झाला की हमखास विचारतात, "डॉक्टर, हा वणवा आहे का?" वणवा नाही. बदलापुरात घराच्या गच्चीवरून मी काढलेला सूर्याचा फोटो आहे. पुढचा प्रश्न मात्र मला काळजीत टाकतो: "मग आम्हीही दुर्बिणीला मोबाईल लावून काढू का?" आजचा लेख त्यासाठीच.

फोटोत दिसतं ते काय?

सूर्याच्या कडेवर तप्त वायूच्या, मुख्यतः हायड्रोजनच्या, कमानी उठतात. त्यांना प्रॉमिनन्स म्हणतात. ही आग नव्हे. सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राने हा वायू तोलून धरलेला असतो. मोठ्या कमानीखाली कित्येक पृथ्व्या मावतील. काही कमानी अनेक दिवस टिकतात, काही बघता बघता तुटून अवकाशात उडतात.

पूर्वी त्या फक्त खग्रास ग्रहणात दिसत. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाची सावली आपल्या विजयदुर्गावरून गेली. त्याच ग्रहणात गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांना या ज्वाळांच्या वर्णपटातल्या रेषा इतक्या ठळक दिसल्या, की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यांनी त्या पुन्हा पाहिल्या. आज हायड्रोजन-अल्फा फिल्टरमुळे कोणत्याही स्वच्छ दिवशी हे दिसतं. हा फिल्टर ६५६.३ नॅनोमीटरभोवतीचा अगदी अरुंद पट्ट्यातला लाल प्रकाश तेवढा आत सोडतो.

मी फोटो कसा काढतो?

माझी दुर्बीण ४० मिलिमीटरची, खास सूर्यासाठीच बनवलेली आहे. फिल्टर कंपनीनेच बसवलेले आहेत. पलीकडे वांगणीला खगोल मंडळाच्या आकाशदर्शनाला लोक रात्र जागवतात, माझं काम सकाळी नऊच्या आत. पत्रे आणि स्लॅब तापले की हवा थरथरते आणि चित्र उकळल्यासारखं हलतं. पावसाळ्यात तर दुर्बीण डब्यातच.

कॅमेऱ्याने हजार-दोन हजार फ्रेमचा छोटा व्हिडिओ घेतो. सॉफ्टवेअर त्यातल्या स्पष्ट फ्रेम निवडून एकावर एक रचतं. कॅमेरा कृष्णधवल आहे, लाल रंग नंतर दिलेला. या सगळ्यात मी दुर्बिणीला डोळा लावत नाही, लॅपटॉपवर पाहतो.

डोळ्याला काय होतं?

डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. डोळ्याचं भिंग सूर्याचा प्रकाश नेमका पडद्याच्या मध्यभागी एकवटतं आणि तिथल्या पेशी होरपळतात. त्रास काही तासांनी कळतो: मधोमध धूसर डाग, वाकड्या दिसणाऱ्या रेषा, वाचताना गायब होणारी अक्षरं.

एका ग्रहणानंतर माझ्याकडे आलेल्या शाळकरी मुलाने दोन दिवस घरी काहीच सांगितलं नव्हतं, कारण दुखत नव्हतं. समोरच्या माणसाचं नाक त्याला दिसत नव्हतं. काही महिन्यांत नजर बरीच सुधारली, पण बारीक डाग राहिला. यावर खात्रीचा उपचार नाही. अनेकांची नजर तीन ते सहा महिन्यांत सुधारते, सगळ्यांची पूर्ण नाही.

हे लक्षात ठेवा

- एक्स-रे फिल्म, गॉगल, सीडी, काजळी धरलेली काच यांतून सूर्य पाहू नका. उजेड कमी वाटतो, पण घातक किरण आत येतातच.
- ग्रहणाचा चष्मा आयएसओ १२३१२-२ मानकाचा, ओरखडा नसलेला हवा. तो घालून दुर्बिणीत कधीही पाहू नका. एकवटलेला प्रकाश चष्म्यालाही जाळतो.
- साध्या दुर्बिणीला सूर्याचा फिल्टर पुढच्या तोंडावर, घट्ट बसवलेला हवा. डोळा लावतो तिथला छोटा फिल्टर उष्णतेने तडकतो.
- फिल्टर नसलेल्या दुर्बिणीला मोबाईलही लावू नका. सूर्य शोधताना तुमचा डोळा तिथे जाण्याची भीती असते.
- लहान मुलं जवळ असताना दुर्बीण क्षणभरही एकटी सोडू नका.

चुकून पाहिलं असेल तर?

चौकटीची वही घ्या. एक डोळा झाकून मधल्या एका चौकटीकडे बघा, मग दुसऱ्या डोळ्याने तसंच करा. रेषा वाकड्या दिसल्या, मधला भाग पुसट वाटला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. पडद्याच्या स्कॅनमध्ये, म्हणजे ओसीटी तपासणीत, इजा किती आहे ते कळतं. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब आणून घालू नका. आणि मुलांना एवढं नक्की सांगून ठेवा: सूर्याकडे पाहिलं असेल तर न घाबरता घरी सांगायचं, कोणी रागावणार नाही.