बिऱ्हाडकरू

गेल्या पावसाळ्यात आमच्या संगणकात चार बिऱ्हाडे नांदत होती. मूळ मालक विंडोज. त्याच्या आश्रयाला डेबियन, फ्रीबीएसडी, हायकू आणि २००५ च्या आसपासचे एक जुनेपुराणे लिनक्स. ज्यांनी वाड्यातले दिवस काढले आहेत त्यांना ही व्यवस्था समजावून सांगणे नलगे. प्रत्येकाला दोन खोल्या, नळ सामाईक, आणि भिंतीपलीकडे काय शिजते आहे याचा पत्ता नाही. फरक इतकाच, की इथल्या बिऱ्हाडकरूला आपण भाड्याने राहतो हेच मुळी ठाऊक नसते. आपल्याला मिळालेली वीस जीबींची डिस्क ही मालकाच्या घरातली एक फाईल आहे आणि आपली दोन जीबींची मेमरी ही मालकाच्या आठ जीबींतून काढून दिलेली आहे, याची त्या बापड्याला कल्पना नसते. तो अख्ख्या यंत्राचा धनी असल्याच्या थाटात वावरतो. वेदान्त्यांनी यावर एखादे भाष्य लिहायला हरकत नाही.

ही कल्पना तशी नवी नव्हे. अवाढव्य आणि महागडे यंत्र एकच, पण ते वापरणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र लाभल्याचा अनुभव, ही किमया आयबीएमने १९७२ सालच्या व्हीएम/३७० मध्ये विकायला काढली होती. वैयक्तिक संगणकावर ती १९९९ पासून व्हीएमवेअरने रुळवली, आणि २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्स खुल्या परवान्यासह आल्यावर आमच्यासारख्या फुकट्यांच्याही आवाक्यात आली.

आम्हांस मात्र तिच्याकडे नेले ते भीतीने. २००६ साली, शोधप्रबंध लिहीत असताना, विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवण्याचा मोह आम्हांला झाला होता. डिस्कचे भाग पाडताना नको त्या भागावर 'होय' म्हटले आणि प्रबंधाचे तिसरे प्रकरण अनंतात विलीन झाले. चूक सर्वस्वी आमची. परंतु त्यानंतर कित्येक वर्षे नवी प्रणाली बसवायची म्हटले की पोटात गोळा येई. आभासी यंत्रात हा धोका नाही. आतल्या बिऱ्हाडकरूने आपली सगळी डिस्क पुसून टाकली तरी मालकाच्या घरची वाटीसुद्धा हलत नाही. शिवाय स्नॅपशॉट नावाची एक सोय आहे: आहे त्या क्षणी यंत्राची अवस्था टिपून ठेवायची, मग वाटेल तो घोळ घालायचा, आणि पस्तावून त्या क्षणाला परत यायचे. तिसऱ्या प्रकरणाच्या वेळी ही सोय आमच्यापाशी नव्हती.

सुरुवात डेबियनपासून केली. पहिल्या दिवशी यंत्र उठेचना. प्रोसेसरमध्ये या कामासाठी असलेली सोय बायोसमध्ये बंद करून ठेवलेली असते आणि ती आधी सुरू करावी लागते, हे कळण्यात संध्याकाळ गेली. मग माऊसचा बाण आतल्या खिडकीत शिरला तो बाहेर येईना. उजव्या बाजूचे कंट्रोल बटण दाबले की सुटका होते, हेही उशिरा उमगले. डेबियनच्या स्वागतपाटीवर स्थापनेचे दोन मार्ग असतात, चित्रमय आणि निव्वळ अक्षरी. साधेपणा बरा, अशा समजुतीने आम्ही अक्षरी मार्ग धरला, तर भाषांच्या यादीत मराठी नाही. अंमळ राग आला. नंतर चित्रमय मार्गाने गेलो, तर त्याच यादीत 'मराठी' विराजमान, आणि पुढचे प्रश्नही बव्हंशी मराठीत. कारण शोधता कळले ते असे: लिनक्सच्या काळ्या अक्षरी पडद्याला एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती ठेवता येतात, आणि त्याही एकापुढे एक खुंट्या ठोकल्यासारख्या मांडायच्या. वेलांटीने अक्षराच्या आधी येऊन बसावे, रफाराने पुढच्याच्या डोक्यावर चढावे, ही आमच्या लिपीची लीला त्याला झेपत नाही. मराठी तिथे नव्हती याचे कारण उपेक्षा नसून पडद्याची कुवत होते. आमचा राग ओसरला. फ्रीबीएसडी आणि हायकू ही केवळ हौस होती, तिचे वर्णन करून वाचकांना शिणवत नाही.

जुन्या लिनक्सची गोष्ट निराळी आहे. ते आमच्या सरांचे होते.

सर वऱ्हाडातले. निवृत्तीनंतर त्यांनी वऱ्हाडी बोलीतल्या शब्दांचा संग्रह हाती घेतला होता. संगणक जुळवून घेतलेला, परवान्याला पैसे नाहीत, म्हणून एका विद्यार्थ्याने त्यावर लिनक्स बसवून दिले. सरांनी वयाच्या पासष्टीत इनस्क्रिप्टचा कळफलक शिकून घेतला. आम्ही २००७-०८ मध्ये त्यांचे लेखनिक झालो, पण आपल्या घरी, विंडोजवर, रोमन अक्षरे दाबून मराठी उमटवणाऱ्या एका साधनाने. वहीत टिपलेले शब्द टंकायचे, पेनड्राइव्हवर घालून सरांकडे न्यायचे, सर ते आपल्या फाईलमध्ये वर्णानुक्रमे लावायचे. उत्साहाच्या भरात आमच्या पदरचेही पुष्कळ शब्द आम्ही त्यात घातले आणि कोणता कुणाचा याची खूण ठेवली नाही. २००९ च्या आरंभी सर गेले. फाईल हजारेक नोंदींवर थांबली.

गेल्या वर्षी सरांच्या मुलीने तो संग्रह छापायचा ठरवला आणि आम्हांला फोन केला. ''दादा, यातलं बाबांचं किती आणि तुमचं किती?'' तिचा स्वर आरोपाचा नव्हता. तरीही आमच्यापाशी उत्तर नव्हते. सरांचा संगणक केव्हाच निकामी झाला होता, पण त्याची डिस्क आणि एका पाकिटात जपलेली लिनक्सची सीडी तिने पाठवून दिली. फाईल आमच्या विंडोजवर उघडली, डेबियनवर उघडली. दोन्हीकडे सगळ्या नोंदी एकसारख्या, एका हातच्या असाव्यात तशा. सरांनी हे सारे जसे पाहिले तसे एकदा पाहावे, एवढ्याच इच्छेने त्या सीडीवरून त्यांचे लिनक्स आभासी यंत्रात बसवायला घेतले.

त्याने नखरे केले. नव्या धाटणीचा साटा कंट्रोलर त्याला ओळखू येईना, तेव्हा जुन्या आयडीईचे सोंग उभे केले. मेमरी मुद्दाम अडीचशे एमबींच्या आसपास ठेवली. फाईल आत न्यायला वाट नव्हती, म्हणून तिचीच एक आभासी सीडी करून आत सरकवली. इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. वीस वर्षांपूर्वीची ही प्रणाली आज पुन्हा बसवताना तिने परवाना क्रमांक विचारला नाही, की बंद पडलेल्या कुठल्या सर्व्हरकडे आमची ओळख पटवून घेतली नाही. लिनक्सचे कर्नल १९९२ पासून जीपीएल या परवान्याखाली आहे. त्या परवान्याचे राजकारण काहीही असो, जुने पडदे पुन्हा उभे करू पाहणाऱ्या अभ्यासकाला त्याचा हा उपयोग मोठा आहे.

फाईल उघडली आणि आम्ही चपापलो. अर्ध्यापर्यंत सारे आलबेल. गोऱ्हा, तुऱ्हाटी, पऱ्हाटी, सगळे जिथल्या तिथे. मग 'बंडी' ही नोंद गेली आणि तिच्या खालीच 'बिर्हाड' असा एक विद्रूप शब्द उभा. तिथून पुढे हाच प्रकार: मध्येच एखादी नोंद धड, तर तिच्या शेजारचीत 'वऱ्हाडी'चे 'वर्हाडी' झालेले. (बिऱ्हाड हा शब्द वऱ्हाडापुरता मुळीच नाही. तो आमच्याच उत्साहाचा नमुना.)

साहित्याच्या विद्यार्थ्यांना 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला भेद सांगायला नको. पहिल्याला नमस्कार करायचा, दुसऱ्याला स्वयंपाक सांगायचा. हा जो आडवा अर्धा 'र', तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ऱ आणि त्याला हलन्त. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे दाबले की हा ऱ उमटतो. दुसरा प्रकार असा, की साधा र, हलन्त, आणि त्यापुढे शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह. आजच्या प्रणाली दोन्ही ओळखतात आणि दोन्हींचे रूप एकच दाखवतात. आमच्या समोरच्या जुन्या बिऱ्हाडकरूला मात्र ते जोडचिन्ह उमजत नव्हते. तो त्याकडे काणाडोळा करून सरळ रफार देत होता. आमचे त्या काळचे साधन ही दुसरी तऱ्हा वापरी. सर पहिली. दोन हस्ताक्षरे त्या फाईलमध्ये सतरा वर्षे शेजारी शेजारी होती, आणि सुधारलेल्या पडद्यांनी ती एक करून टाकली होती.

भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. पोथ्या ताडून पाहणारे ते विद्वान लेखनिकाच्या चुकीला फार मान देत असत, असे आम्ही वर्गात अनेकदा सांगितले आहे, कारण चुकीवरूनच पोथीचे गोत्र कळते. यंत्राच्या चुकीबाबत हे आम्हांला कधी सुचले नव्हते. एकदा कळल्यावर ते अदृश्य चिन्ह आजच्या कोणत्याही संपादकात शोधता येते, आणि आम्ही शोधलेही. पण कळले ते त्या अडाणी पडद्यामुळे.

'बंडी'च्या पुढचा हिशेब सोपा होता. जोडचिन्ह आहे त्या नोंदी आमच्या, नाही त्या सरांच्या. अडचण होती अलीकडची. तिथे एकही जोडचिन्ह नाही. मग तिथवर आमचे काही नव्हतेच काय? माळ्यावरून २००७ ची वही काढली. 'तुऱ्हाटी' आमच्याच अक्षरात, तुरीच्या वाळक्या काड्या या अर्थासह. 'गोऱ्हा'ही आमचा, पण वहीत अर्थ 'वासरू' एवढाच. फाईलमध्ये मात्र 'अजून कामाला न जुंपलेला तरुण बैल'.

म्हणजे सरांच्या पडद्यावर आमचे सगळे र त्या वेळी मोडकेच दिसत होते, आणि सर एकेक नोंद वाचत, र दुरुस्त करत, जाता जाता अर्थही तपासत 'बंडी'पर्यंत आले होते.

मग एक जुना फोन आठवला. आम्हांला नुकतीच डॉक्टरेट मिळाली होती. सर मुद्दाम वऱ्हाडीत म्हणाले होते, ''तुहा र त डोक्श्यावर चढून बसला ना बाप्पा!'' आम्ही ती पदवीवरची थट्टा समजलो आणि मनातून थोडे दुखावलोही. पुढचे दोन महिने त्यांच्याकडे गेलो नाही. ते फक्त रफाराविषयी बोलत होते.

सरांच्या मुलीला हे सारे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ''म्हणजे बंडीपर्यंत सगळं बाबांचंच धरायचं.'' त्यापुढच्या आमच्या नोंदींना खूण करून त्या वेगळ्या छापायच्या असे ठरले. 'बिऱ्हाड' गाळावा, असे आम्ही सुचवले. तिने ऐकले नाही.

डिस्कवरची जागा संपत आल्याने हायकू आणि फ्रीबीएसडी यांना निरोप दिला. मूळ फाईलची प्रत आणि जुन्या लिनक्सचा स्नॅपशॉट बाजूला ठेवून आमचे मोडके र आम्ही त्याच पडद्यावर दुरुस्त करतो आहोत. आजच्या संपादकात हे काम एका आज्ञेत, क्षणात होईल, हे ठाऊक आहे. आम्ही शिफ्ट धरून जे दाबतो आणि नोंदही वाचतो. रोज रात्री दहा-बारा होतात. सध्या 'म' चालू आहे.