दोनशे चाळीस तास

बी.ए.चा निकाल लागला त्या संध्याकाळी भाईंदर पूर्वेच्या आमच्या खोलीत मी दोन बातम्या सांगितल्या. पहिली उत्तीर्ण झाल्याची आणि दुसरी, स्वयंसेवक म्हणून परदेशी जाण्यासाठी अर्ज करणार असल्याची. बाबा नुकतेच कारखान्यातून आले होते. स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्याच्या हातांवरची काळी भुकटी एका धुण्यात जात नाही. ते दुसऱ्यांदा हात धूत होते.

"पगार किती?" त्यांनी विचारले.

"पगार नसतो. राहण्याखाण्यापुरता भत्ता देतात."

नळ बंद करून ते म्हणाले, "मग तू तिकडे जाणार ते कशासाठी?"

मी मानवसेवेवर लांबलचक बोलले. त्यातले निम्मे खोटे होते, हे आता लिहायला हरकत नाही. विरारहून भरून येणाऱ्या लोकलमध्ये रोज सकाळी अंग चोरून शिरण्याचा मला कंटाळा आला होता. शेजारच्या मुलींची लग्ने ठरत होती. मला दूर जायचे होते, आणि सेवा हे दूर जाण्याचे सर्वांत सभ्य कारण होते.

आरंभीच एक ठेच लागली. परदेशी स्वयंसेवेची हमी देणाऱ्या एका कार्यालयात माझ्याकडून नोंदणी, प्रशिक्षण आणि शिफारस यांसाठी एवढी रक्कम मागण्यात आली, की ती बाबांच्या चार महिन्यांच्या मजुरीइतकी होती. पुढे शोध घेतल्यावर समजले, की संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम उमेदवाराकडून कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेत नाही. हा कार्यक्रम १९७१ मध्ये सुरू झाला; त्याचे मुख्यालय जर्मनीतील बॉन शहरात आहे. तरुणांसाठीच्या गटात १८ ते २६ ही वयोमर्यादा होती. माझ्या हाती चार वर्षे होती.

अर्जाने मात्र मला अडवले. नाव, शिक्षण, भाषा येथपर्यंत लेखणी सुरळीत चालली. मग प्रश्न आला तो आपल्या स्वयंसेवेच्या अनुभवाचा. महाविद्यालयात मी राष्ट्रीय सेवा योजनेत होते. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे एक शिबिर, असा तिचा हिशेब असतो. त्या तासांपैकी बरेच मी नुसते हजेरीसाठी भरले होते. फलक धरून फेरीत चालणे, पाहुण्यांना पुष्पगुच्छ देणे हे सारे लिहिले आणि खोडून टाकले.

बाबा मूळचे सोलापूरचे. एका रात्री माझा कोरा कागद पाहून ते म्हणाले, "आमच्या गावचे कोटणीस डॉक्टर गेले होते ना चीनला?" शांतारामबापूंचा चित्रपट त्यांनी लहानपणी पाहिला होता. मी त्या निमित्ताने द्वारकानाथ कोटणिसांविषयी वाचले. वैद्यकीय शिक्षण नुकतेच संपवलेला हा तरुण १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून जपानशी झुंजणाऱ्या चीनमध्ये गेला. सहकारी यथाकाल परतले. हे राहिले, तिथली भाषा शिकले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. मला त्यांच्या त्यागापेक्षा दुसरीच गोष्ट बोचली. तिथे शस्त्रक्रिया करणारे हात हवे होते आणि कोटणिसांजवळ ते होते. मराठी वाङ्मयाच्या पदवीधराची वाट कोण पाहत होते?

त्या प्रश्नापाशी मी कितीतरी दिवस थांबले. मग मिठागराकाठचा वर्ग आठवला. पावसाळा संपला की मिठागरांवर कामाला कुटुंबे येत आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परतत. त्यांच्या मुलांना मी आठवड्यातून दोनदा शिकवत असे. त्यांची घरची बोली पाठ्यपुस्तकातल्या मराठीपासून इतकी दूर होती, की माझा पहिला महिना वाया गेला. ती मुले मुकी बसत. मी त्यांना मंद समजत होते. एके दिवशी वाफ्यांच्या बांधावर एका मुलीने मला पाण्याच्या दाटपणाचे निरनिराळे शब्द सांगितले. त्यांतला एकही मला ठाऊक नव्हता. त्यानंतर मी वहीत त्यांचे शब्द आधी आणि पुस्तकातले नंतर, असे लिहू लागले. भाषाविज्ञानाच्या तासाला 'बोली' हा घटक मी केवळ गुणांसाठी वाचला होता. तो असा उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. वर्गाची वेळही मग मुलांनीच ठरवली.

मी अर्जात हेच लिहिले. पहिला महिना वाया गेला, हेही लिहिले. मैत्रीण म्हणाली, "स्वतःची चूक कुणी अर्जात लिहितं का?"

निर्वासित मुलांच्या शिक्षणाशी संबंधित एका जागेसाठी मुलाखत झाली. घरातला पंखा आवाज करतो म्हणून तो बंद करून मी घामाघूम बसले होते. त्यांनी जवळजवळ सर्व वेळ त्या वाया गेलेल्या महिन्याविषयीच विचारले. निवड दुसऱ्या कुणाची तरी झाली.

मला राग आला, आणि रडूही. बाबा काहीच बोलले नाहीत. पारपत्र त्यांनी स्वतः चकाकवलेल्या एका स्टीलच्या डब्यात ठेवले आणि डबा फळीवर, हात पोहोचेल असा, पुढे सरकवला.

आणखी दोन अर्ज मी केले आहेत. सव्विसावे संपायला अजून चौदा महिने आहेत. आता बाबा कामावरून आले की पगाराचे विचारत नाहीत. हात धुताधुता विचारतात, "त्या देशात मुलं घरी कोणती भाषा बोलतात गं?"