खुडूसच्या मैदानावरची फुगडी
माळशिरसहून वेळापूरकडे येताना खुडूस फाटा लागतो. वारीत तिथल्या गोल रिंगणात माउलींचा अश्व धावून गेला, त्याच्या टापांखालची माती लोकांनी कपाळी लावली, की खेळ सुरू होतात. पावली, हुतूतू, उड्या आणि जागोजागी फुगड्या. आम्ही दोघं सोलापूरहून रिंगण बघायला गेलो होतो. जवळच परभणीकडच्या दिंडीतलं एक म्हातारं जोडपं फुगडी घालत होतं. दोघं थांबली आणि आजीनं माझा हात धरून सरळ ह्यांच्या हातात दिला. “घाला की माउली, बघत काय उभ्या?”

नागपंचमीला मैत्रिणींबरोबर मी पुष्कळ फुगड्या खेळलेय. नवऱ्याबरोबर कधीच नाही. आमच्या गल्लीत नवरा-बायको हात धरून रस्त्यानं चालत नाहीत, आणि फुगडी हा तर बायकांचाच खेळ. वारीनं तो पुरुषांनाही दिला. तुकोबांच्या गाथेत फुगडीचे अभंग आहेत. त्या मैदानावर सगळेच माउली, त्यामुळे कोण कुणाचा हात धरतंय हे बघायला कुणाला सवड नव्हती.

शिकवलं आजोबांनी. चवडे चवड्यांना भिडवायचे. हातांची कैची करायची, उजव्यात उजवा, डाव्यात डावा. कोपर ताठ. मग दोघांनी मागं झुकायचं आणि पाय न उचलता, बारीक पावलांनी फिरायचं. सगळी गंमत त्या झुकण्यात आहे. ओढ दोघांना सारखीच लागते. जड माणसाला थोडं झुकून भागतं, हलक्याला जास्त झुकावं लागतं. ह्यांचं वजन माझ्यापेक्षा बरंच जास्त. मी पडेन म्हणून ते अंग आखडून, मला सावरायच्या तयारीतच उभे राहायचे, आणि फुगडी काही फिरायची नाही.

“तिला धरू नका,” आजोबा म्हणाले. “तुमचा भार तिच्या हातावर सोडा. ती घेती बराबर.”

त्यांनी सोडला. खांद्यांत एकदम ताण आला आणि आम्ही फिरलो. पताका, तुळशी, माणसं, सगळं वाहून गेल्यासारखं झालं; स्थिर राहिला तो फक्त समोरचा चेहरा. नजर तिथून हलवली नाही तर घेरी येत नाही, हे आजीनं आधीच बजावलं होतं. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत मी ह्यांच्याकडे इतका वेळ सलग पाहिलं नव्हतं. हे हसत होते, भरलोकांत.

माझी भाची स्वीडनमध्ये उप्सालाला शिकते. फोनवर तिला हे सांगितलं तर ती उडालीच. तिकडे ती स्लेंगपोल्स्का नावाचं जोडीचं लोकनृत्य शिकतेय. त्यातही दोघं एकमेकांना धरून जवळजवळ एकाच जागी गरगर फिरतात. साथीला व्हायोलिन नाहीतर निकेलहार्पा हे पट्ट्या दाबून वाजवायचं तंतुवाद्य. ताल तीन मात्रांचा. आपल्याकडे मृदंगावर आठ मात्रांचा भजनी ठेका. तिच्या वर्गातही नवख्या जोड्या याच जागी अडतात म्हणे, भार द्यायला कचरतात.

आता आम्ही दंडफुगडी शिकतोय. यात एकमेकांचे दंड धरायचे, त्यामुळे अंगं जवळ येतात आणि पावलं आणखी बारीक टाकावी लागतात. गच्ची अपुरी पडते, म्हणून पहाटे होम मैदानावर जातो. फिरायला येणारे थांबून बघतात. परवा एक काका विचारत होते, “आमच्या हिला घेऊन आलो तर शिकवाल का?” हे म्हणाले, “उद्याच या.”