घासलेला व्हॉल्व

1 जूनला मासेमारी बंद झाली की देवगडच्या खाडीत बोटी किनाऱ्याला ओढून घेतात, वर झापं चढतात आणि इंजिनांची हेडं कुणकेश्वरला माझ्या शेडमध्ये यायला लागतात. बंदी 31 जुलैपर्यंत, तेवढीच मुदत. एरवी बंदरावर कुणाला उसंत नसते. पावसात मात्र तांडेल स्वतः स्टुलावर येऊन बसतो. "मिस्त्री, आमचा इंजिन कधी चालू होतला?"

सहा सिलिंडरचं इंजिन, 12 व्हॉल्व. काढताना प्रत्येकावर नंबर टाकतो, कारण ज्या सीटवर जो व्हॉल्व घासला, तो त्याच सीटचा. इनटेकचे बहुधा बरे असतात. खरी दशा एक्झॉस्टच्या तोंडावर दिसते: काळे खड्डे, कुठे जळालेली कड. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेतच डिझेल पेटतं. व्हॉल्वमधून दाब निसटला की स्टार्टर नुसता घरघरतो.

घासायला आधी कोर्स पेस्ट, मग फाइन. तिच्यातले दाणे बहुधा कार्बोरंडमचे. 1891 मध्ये अमेरिकेत ॲचिसन नावाच्या माणसाला ते सापडलं, आणि तेव्हा ते हिऱ्याच्या खालोखाल कठीण मानलं गेलं. दांडीला पेस्ट लागता कामा नये, गाइड खाऊन टाकते. रबरी चकतीची काठी व्हॉल्वला चिकटवायची, दोन तळव्यांत रवीसारखी घुसळायची, मध्येच उचलून थोडी फिरवून परत ठेवायची. न उचलता घासलं तर दाणे एकाच वाटेने धावतात आणि गोल चरे पडतात. सुरुवातीला करकर येते. दाणे फुटत गेले की आवाज मऊ होतो, आणि तिथे मी हात थांबवतो. पुसल्यावर तोंडाच्या मधोमध दीड-दोन मिलिमीटरची मंद राखाडी पट्टी दिसली पाहिजे, कुठेही न तुटलेली.

खड्डे राहिले तर घासत बसणं मला अजिबात मान्य नाही. सीट रुंदावते, व्हॉल्व खाली जातो. ते कटरचं काम. हाताने घासायचं ते त्यानंतर.

मग डिझेलने धुणं, दोन-दोनदा, आणि लगेच ऑइलचा हात. इथल्या खाऱ्या दमट हवेत उघडं बीड एका रात्रीत तांबूस होतं.

स्प्रिंग चढवून पोर्टमध्ये डिझेल ओततो आणि अर्धा तास तसंच ठेवतो. कडेला ओल दिसली की लॉक काढून पुन्हा काठी हातात, तांडेल कितीही घाईत असला तरी.